उष्णतेने अन्नात होणारा बदल वर्गात कसा दाखवावा? (सातवी, ४५ मुलं, गॅस नाही)

फळाखडू

मुंबई उपनगरातली मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता सातवी. भौतिक-रासायनिक बदल आणि अन्नघटक या दोन्ही पाठांना जोडणारा एक प्रयोग मुलांच्या हातून करून घ्यायचा आहे. मी टेबलावर करायचा आणि मागच्या बाकांनी माना उंच करून बघायचं, असा नको.

अडचणी अशा: तास ३५ मिनिटांचा. वर्गात गॅस किंवा स्पिरिटचा दिवा पेटवायला परवानगी नाही. भिंतीवर एकच साधं सॉकेट. अंड्याचा पांढरा भाग गरम पाण्यात घट्ट होतो हे सगळ्यात सोपं, पण वर्गात जैन आणि इतर शाकाहारी घरांतली मुलं आहेत आणि कोणालाही बाजूला बसवायचं नाही. दूध-लिंबू घेतलं तर बदल उष्णतेचा की आंबटाचा, हा गोंधळ होतो.

नुसतं ‘गरम केलं की शिजतं’ यापलीकडे काहीतरी मोजता यावं असं वाटतं. साहित्य, प्रमाण आणि कुठे बिघडू शकतं ते सांगाल का?

---

चंचुपात्र

कॉर्नफ्लॉवर घ्या. स्वस्त आहे, कुणाला खाण्यापिण्याची अडचण नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला ठरावीक तापमानाचा उंबरठा आहे. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सियसच्या पट्ट्यात पाणी शोषून फुगतो. त्याखाली कितीही वेळ ठेवलात तरी पांढरं पाणीच राहतं. मुलांना वाटतं की जास्त वेळ तापवलं की जास्त शिजतं. वेळ आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या हाताला कळावं म्हणून हा प्रयोग.

पाकीट घेताना पांढरंशुभ्र कॉर्नफ्लॉवर बघून घ्या. मक्याचं पिवळं पीठ चालत नाही, त्यात कोंडा आणि प्रथिनं असतात आणि निकाल धूसर येतो. तांदळाचं पीठही नको, त्याचा उंबरठा वर आहे आणि कण तळाशी बसतात.

४५ मुलांचे पाच-पाचांचे नऊ गट करा. प्रत्येक गटाने सगळी तापमानं करायची नाहीत, वेळ पुरणार नाही. ५०, ६०, ७० आणि ८० अंश, प्रत्येक तापमान दोन गटांकडे. नववा गट न तापवलेली नळी सांभाळेल, तीच सगळ्यांच्या तुलनेची. शेवटी सगळे आकडे फळ्यावर एका तक्त्यात.

कॉर्नफ्लॉवरचं दूध एकदाच बनवा: २०० मिली गार पाण्यात ४ सपाट चमचे (चहाचा चमचा, साधारण १० ते १२ ग्रॅम). गरम पाण्यात कधीही कालवू नका. बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडी पूड अडकते आणि गुठळ्या होतात. प्रत्येक गटाला दोन परीक्षानळ्यांत १०-१० मिली. ओतताना दर वेळी ढवळा, नाहीतर पहिल्या गटाला पाणी आणि शेवटच्या गटाला साका मिळतो. हा प्रयोग फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

गरम पाणी: किटली वर्गातल्या सॉकेटवर लावू नका. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढते आणि साधं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. पाणी शिक्षकखोलीत किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात उकळून मोठ्या थर्मासमध्ये आणा. वर्गात पोचेपर्यंत ते ९० अंशांच्या आसपास असतं. मुंबईच्या नळाचं पाणी बहुतेक महिने ३० अंशांच्या जवळपास. मग मिश्रण सोपं होतं: ५० साठी एक भाग गरम, दोन भाग नळाचं, ६० साठी निम्मं-निम्मं, ७० साठी दोनास एक, ८० साठी पाचास एक. प्रत्येक गटाला ६०० मिली पाणी धरलं तर आठ गटांना मिळून २.८ लिटर गरम पाणी लागतं. साडेतीन लिटरचा थर्मास पुरतो. हे गणित आदल्या तासाला मुलांकडूनच करून घ्या, सातवीला जमतं.

गणिताने आलेल्या तापमानापेक्षा भांड्यात दोन-तीन अंश कमी भरतात, कारण भांडंही उष्णता घेतं. म्हणून तापमापीने बघत थर्मासातलं थोडं वाढवा.

भांडं स्टीलचं रुंद डबा, बाहेरून जाड टॉवेल किंवा वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या गुंडाळलेल्या, वर झाकण. कोल्ड्रिंकच्या कापलेल्या बाटल्या अजिबात नकोत, ८० अंशांच्या पाण्यात त्या आक्रसतात आणि कलंडतात. साधे काचेचे पेलेही नकोत, तडकतात.

नळ्या पाच मिनिटं पाण्यात. पहिली दोन मिनिटं काडीने सतत ढवळायचं, कारण न फुगलेला स्टार्च तळाला बसतो. पाच मिनिटं झाली की नळ्या काढून नळाच्या पाण्यात तीन मिनिटं. ही पायरी गाळू नका. गरम खळ पातळ असते आणि गार झाली की दाटते, त्यामुळे सगळ्या नळ्या एकाच तापमानाला आणल्याशिवाय तुलना खोटी ठरते.

आता मोजणी. स्टीलच्या ताटाची एक कड कंपासपेटीवर टेकवा. वरच्या कडेला एक चमचा खळ ओता आणि दहा सेकंदांत ओघळ किती सेंटिमीटर गेला ते पट्टीने मोजा. ५० आणि ६० वाले पाण्यासारखे थेट खाली पोचतात. ८० वाला दाट, थोडा पारदर्शक, आणि थोडंच अंतर जातो. ७० च्या दोन गटांचे आकडे बहुधा जुळत नाहीत, आणि तिथेच शिकवायला सगळ्यात जास्त मिळतं. एकाच्या डब्यातलं पाणी ६७ वर घसरलेलं असतं, दुसऱ्याचं ७१ वर टिकलेलं. सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान दोन्ही लिहून घेतलंत तर मुलं स्वतःच कारण शोधतात. आकडे ‘सुधारायला’ सांगू नका.

तापमापी प्रयोगशाळेतली, उणे १० ते ११० अंशांची, लाल अल्कोहोलची. पारा टाळा. तापाची तापमापी ४२ पर्यंतच असते, ८० च्या पाण्यात ती फुटते. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत मिळतील. तासाआधी सगळ्या एकाच भांड्यात बुडवून बघा. एक-दोन अंशांचा फरक असतोच. जिचा जितका फरक, तितका कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवा.

---

मोडाचेमूग

वरचं सगळं पटलं. कॉर्नफ्लॉवरमध्ये बदल घडतो हे दिसतं. उष्णतेने बदल *थांबतो* हेही दाखवायचं असेल तर याच्या शेजारी दुसरा छोटा प्रयोग चालेल. कच्चं केळं, वांगं किंवा सफरचंद कापलं की काळं पडतं. त्यामागे फळातलं विकर (एन्झाइम) असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने फळातल्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचा तपकिरी रंग बनवतं. विकर हे प्रथिन आहे, पुरेसं तापवलं की त्याची घडण मोडते आणि काम बंद पडतं. बटाट्यानेही होतं, पण जैन मुलं आहेत म्हणता, तर सफरचंद घ्या.

चार फोडी, प्रत्येक ५ मिलिमीटर जाडीची. एक तशीच ताटात. दुसरी तीन मिनिटं नळाच्या पाण्यात, तिसरी तीन मिनिटं ४५ अंशांच्या पाण्यात, चौथी तीन मिनिटं थर्मासातल्या ताज्या पाण्यात, निदान २०० मिली. मग चारही निथळून ताटात ठेवा आणि १० व २० मिनिटांनी बघा.

दुसरी फोड बहुतेक जण गाळतात. ती गाळली की ‘पाण्यात भिजल्यामुळे काळी पडली नाही’ ही शंका उरते आणि तिला उत्तर देता येत नाही. ४५ वाली फोड पांढरी राहत नाही. कोमट पाण्याने विकर मरत नाही, उलट अशा तापमानाला ते चांगलं चालतं.

वीस मिनिटांनी चौथी फोड मधोमध आडवी कापा आणि आणखी दहा मिनिटं थांबा. फोड जाड झाली असेल तर कड पांढरी राहते आणि गाभा तपकिरी होतो. म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचलीच नव्हती. मुलांना वहीत या कापाचं चित्र काढायला लावा. फोडी जाड निघणं हा इथे तोटा नाही, एक-दोन गटांना मुद्दाम १५ मिलिमीटरची फोड द्या.

कापायला स्टेनलेस स्टीलची सुरी हवी. लोखंडी विळीने कापलं तर लोखंड आणि फळातल्या टॅनिनचा वेगळाच काळा-निळसर डाग येतो, आणि त्याचं खापर विकरावर फुटतं. वांगं घेणार असाल तर सालीचा रंग पाण्यात उतरतो, साल काढून घ्या. शिजलेल्या वांग्याचा स्वतःचा रंगही मळकट असतो. म्हणून माझा कल सफरचंदाकडे.

---

फळाखडू

दोन्ही एकाच आठवड्यात वेगवेगळ्या तासांना बसतील. तीन गोष्टी विचारते. कॉर्नफ्लॉवरच्या नळीत आयोडीन टाकून ‘शिजल्यावर रंग बदलतो’ असं दाखवता येईल का? खळ परत पूड होत नाही, मग हा रासायनिक बदल म्हणून लिहून द्यायचा का? आणि लिंबाचा रस उकळून क जीवनसत्त्व कमी होतं हा प्रयोग पुष्कळ ठिकाणी सुचवलेला दिसतो, तो याला जोडावा का?

---

चंचुपात्र

आयोडीन शिजवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा निळाच रंग देतं, म्हणून शिजलं की नाही हे त्याने कळणार नाही. कळतं ते एवढंच, की शिजल्यावरही तो स्टार्चच आहे. तेवढ्यासाठी जरूर करा. मात्र नळी गरम असताना आयोडीन टाकू नका. गरम खळीत निळा रंग फिका पडतो किंवा उमटतच नाही, आणि गार झाल्यावर परत येतो. मुलं मग ‘तापवल्यावर स्टार्च नाहीसा झाला’ असं लिहितात. हीच गंमत वेगळी दाखवायची असेल तर निळी नळी ८० च्या पाण्यात धरा, रंग उतरेल. गार पाण्यात धरा, परत चढेल. आयोडीनचे रेणू स्टार्चच्या लांब वेटोळ्या साखळीत अडकतात तेव्हा निळा रंग दिसतो. तापवल्यावर ते सुटतात, गार झाल्यावर पुन्हा अडकतात.

औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन-आयोडीनचं द्रावण चालतं. १ मिली द्रावण २० मिली पाण्यात, रंग फिक्या चहासारखा. त्याहून दाट घेतलंत तर सगळंच काळं दिसतं आणि छटा कळत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला आग्रहाने सांगावंसं वाटतं: ‘परत फिरत नाही म्हणजे रासायनिक’ हे समीकरण मुलांच्या डोक्यात घालू नका. कॉर्नफ्लॉवर शिजताना कणांच्या आतली घट्ट रचना सैल होते, पाणी आत शिरतं, कण फुगतात, त्यातला काही स्टार्च बाहेर पाण्यात येतो. स्टार्चची साखळी तुटून नवा पदार्थ बनलेला नसतो, आणि हे आयोडीनने आत्ताच दिसलं. म्हणजे बदल अपरिवर्तनीय आहे, पण नवा पदार्थ तयार झाला असं म्हणता येत नाही. सफरचंदात मात्र तपकिरी रंगाचं नवं द्रव्य बनतं. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून ‘नवा पदार्थ बनला का?’ आणि ‘परत फिरतो का?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न विचारा. तक्त्यात दोन वेगळे रकाने करा. परीक्षेत एक शब्दाचं उत्तर मागितलं जातं हे माहीत आहे, तरी सातवीतल्या मुलाला हा फरक नक्की झेपतो.

परत फिरणाऱ्या बदलासाठी तिसरी नळी घ्या, त्यात एक चमचा वनस्पती तूप. ५० च्या पाण्यात ते वितळतं, बर्फाच्या पाण्यात पाच-सात मिनिटांत पुन्हा गोठतं. खोबरेल तेल मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस पातळच असतं, कारण ते २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं. ते वापरलंत तर आधी बर्फात गोठवून सुरुवात करावी लागेल. उन्हाळ्यात साजूक तूपही अर्धवट पातळ असतं, त्यामुळे सुरुवातीची स्थिती धड सांगता येत नाही.

---

थेंबमोजणी

लिंबाच्या प्रयोगाबद्दल. सातवीला नको, आणि लिंबाने तर नकोच.

कारणं अशी. क जीवनसत्त्व आंबट द्रावणात बरंच टिकाऊ असतं. लिंबाचा रस पाच मिनिटं उकळून होणारी घट इतकी लहान असते, की थेंब मोजण्याच्या चुकीत ती हरवते. त्यात उकळताना पाणी उडतं. २० मिलीचा रस १५ मिली उरला आणि त्यातला ५ मिली तपासला, तर जीवनसत्त्व *वाढलेलं* दिसतं! वर्गात निकाल उलटा आला की बहुतेकदा हेच झालेलं असतं. उकळल्यावर गार करून पाणी घालून मूळ मापावर आणलं नाही तर तुलनेला अर्थ नाही. आवळाही टाळा. त्यातलं टॅनिन स्वतःच आयोडीन खातं, आकडा फुगतो.

आठवी-नववीच्या प्रकल्पाला करायचं असेल तर कोबी घ्या. ५० ग्रॅम बारीक चिरलेला कच्चा कोबी १०० मिली पाण्यात वाटून गाळा. दुसरा ५० ग्रॅम १०० मिली पाण्यात झाकण ठेवून १० मिनिटं उकळा, गार करा, पाणी वेगळं काढून पुन्हा १०० मिलीपर्यंत भरा. आणि उकळलेला कोबीही वेगळ्या १०० मिली पाण्यात वाटून गाळा. म्हणजे तीन द्रावणं झाली. प्रत्येकातून २० मिली घ्या, १ मिली पातळ *गार* खळ घाला, वर सांगितलेलं फिकं आयोडीन थेंब-थेंब टाकत हलवत राहा. निळा रंग १५ सेकंद टिकला की थांबा आणि थेंब लिहा. जितके थेंब जास्त, तितकं क जीवनसत्त्व जास्त. ड्रॉपर तिन्हीला तोच, आणि सरळ उभा धरलेला. तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो.

यातलं मधलं द्रावण, म्हणजे उकळलेलं पाणी, सगळ्यात बोलकं. हरवलेलं वाटणारं बरंचसं जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरलेलं सापडतं. उष्णतेने नष्ट झालेलं वेगळं आणि पाण्यात गेलेलं वेगळं. हे पाहिल्यावर भाजीचं पाणी ओतून का देऊ नये ते सांगत बसावं लागत नाही. तांब्या-पितळेचं कल्हई नसलेलं भांडं मात्र वापरू नका, तांब्यामुळे क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण फार वेगाने होतं. कोबीतली इतर काही द्रव्यंही थोडं आयोडीन घेतात, म्हणून ‘इतके मिलिग्रॅम’ असं लिहू नका, फक्त तुलना लिहा.

---

मोडाचेमूग

सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही म्हणून. थर्मासातलं पाणी फक्त शिक्षकांनी ओतायचं, गटाने भांड्याजवळ थांबायचं नाही. ८० चे दोन डबे तुमच्या टेबलाजवळच्या बाकांवर ठेवा. मुलांनी उभं राहून काम करावं. बसून केलं तर सांडलेलं पाणी थेट मांडीवर येतं. दप्तरं आधीच बाजूला, बाकांमधली वाट मोकळी. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, तेल काहीही लावायचं नाही.

प्रयोगातलं काही खायचं नाही, सफरचंदाची उरलेली फोडसुद्धा. खायला द्यायचं असेल तर वेगळं सफरचंद वेगळ्या सुरीने कापून द्या.

---

फळाखडू

रकान्यांची सूचना फार उपयोगी आहे, तसाच तक्ता करते. उरलेल्या खळीचं काय करायचं? बेसिनमध्ये ओतू का?

---

चंचुपात्र

ओतू नका, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाइपांत ती साठते आणि आठवड्यात बेसिन तुंबतं. आयोडीन न घातलेली सगळी खळ एका डब्यात जमा करा, चित्रकलेच्या तासाला कागद चिकटवायला वापरता येते. त्याच दिवशी वापरा, मुंबईच्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबते. आयोडीनवाली वर्तमानपत्रावर पसरून सुकवा आणि सुक्या कचऱ्यात टाका. नळ्या मात्र लगेच गार पाण्यात बुडवून ठेवा. खळ आत वाळली की ब्रशनेही निघत नाही.